क्लब युरोपात पुढे चाललाय? मग हे महिने असे जगा

आपला फुटबॉल क्लब युरोपियन कपात खेळतोय आणि नुसता नावाला नाही तर एकेक फेरी पार करत चाललाय, हे ज्याच्या वाट्याला येतं त्यालाच कळतं की आठवड्याच्या मधल्या वारांना किती किंमत येते ते. सोमवारपासूनच पोटात गोळा, कामात लक्ष नाही, ग्रुपवर कोणी ना कोणी सतत लाइनअप टाकतंय, कोण फिट कोण अनफिट यावर वाद चाललेत. हे सगळं भारीच आहे. पण मला वाटतं बरेच जण ही मजा अर्धीच घेतात, कारण त्यांचं सगळं लक्ष फायनलवर असतं. आता हिशोब बघा, साखळीत ३६ क्लब, कप एकच जण उचलणार, बाकी ३५ जणांचा प्रवास कुठे ना कुठे थांबणारच. म्हणजे जे काही जगायचंय ते वाटेतच जगायचंय, प्रत्येक ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची सोडत), प्रत्येक अवे म्हणजे समोरच्याच्या मैदानावरची मॅच, प्रत्येक मॅचची शेवटची दहा मिनिटं. ते नीट जगायचं तर काय माहिती असायला हवं, कुठे वेळ आणि पैसा घालायचा आणि कुठे नाही, ते एका जागी लिहितोय. चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग, कॉन्फरन्स लीग, या तीन युरोपियन कपांपैकी तुमचा क्लब कशातही असो, बहुतेक गोष्टी सारख्याच लागू होतात.

आधी टेबल वाचायला शिका

२०२४-२५ पासून चार-चार टीमचे जुने ग्रुप गेले. आता तिन्ही स्पर्धांत ३६ टीमचं एकच लांबलचक टेबल असतं. चॅम्पियन्स आणि युरोपा लीगला प्रत्येकाच्या ८ मॅच, आठ वेगवेगळ्या टीमशी, चार घरी चार बाहेर, आणि कॉन्फरन्सला ६, तीन घरी तीन बाहेर. पहिले आठ थेट राउंड ऑफ १६ मध्ये (शेवटच्या सोळांची फेरी), ९ ते २४ वाले दोन लेगचा, म्हणजे एक मॅच घरी एक बाहेर असा, प्लेऑफ खेळणार आणि २५ पासून खालचे सरळ बाहेर. पूर्वी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपात तिसरा आलेला क्लब युरोपा लीगमध्ये जायचा, ती सोय आता बंद झालीये.

म्हणून टेबल उघडलं की आधी दोन रेषा बघायच्या, आठव्या नंबरखालची आणि चोविसाव्या नंबरखालची. आपण कितवे आहोत यापेक्षा या दोन रेषांपासून किती पॉइंट लांब आहोत हे जास्त कामाचं. पहिल्याच सीझनचे आकडे डोक्यात ठेवले तर अंदाज येतो, चॅम्पियन्स लीगला आठव्या आलेल्या अ‍ॅस्टन व्हिलाचे १६ पॉइंट होते आणि चोविसाव्या क्लब ब्रुगचे ११. दिनामो झाग्रेबचे पण ११च होते, पण गोलफरकात ते मागे पडले, पंचविसावे आले आणि संपलं. त्यामुळे ०-३ ने मागे असताना मॅच सोडून उठू नका, चौथा गोल न खाणं हेसुद्धा जानेवारीत कामाला येतं, आणि ३-० ने पुढे असताना चौथ्यासाठी ओरडणं म्हणजे हावरटपणा नाही तर शुद्ध व्यवहार आहे.

आणि नंबर खाली आहे म्हणून तोंड पाडून बसायचं काहीच कारण नाही. त्याच सीझनला पीएसजी (पॅरिस सेंट-जर्मेन) पंधरावे आले होते, पंधरावे! प्लेऑफमध्ये ब्रेस्टला दोन लेग मिळून १०-० ने हाणलं, मग टेबलात पहिल्या आलेल्या लिव्हरपूलला अ‍ॅनफिल्डवर जाऊन पेनल्टीवर बाहेर काढलं, मग व्हिला, मग आर्सेनल, आणि ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये इंटरला ५-० मारून कप घेऊन गेले. सप्टेंबर ते जानेवारीचं टेबल म्हणजे फक्त आत शिरायचा पास आहे, त्यापलीकडे त्यावर फार भविष्य बांधू नका.

साखळीच्या शेवटच्या रात्रीची मात्र आधीपासून तयारी करा. चॅम्पियन्स लीगच्या या रात्री सगळ्या १८ मॅच एकाच वेळी सुरू होतात आणि टेबल दर पाच मिनिटांनी उलटंपालटं होतं. मोठ्या स्क्रीनवर फक्त आपली मॅच ठेवा, दुसऱ्या मॅचची स्ट्रीम अजिबात लावू नका, त्यात दोन्ही हातचं जातं. त्याऐवजी लाइव्ह टेबल एका फोनवर आणि तो फोन ग्रुपमधल्या एकाच माणसाच्या हातात, आणि त्याने पण दर गोलला ओरडायचं नाही, आपला नंबर बदलला तरच सांगायचं. २९ जानेवारी २०२५ ची रात्र आठवा, मँचेस्टर सिटी हाफटाइमला घरच्या मैदानावर ब्रुगकडून ०-१ ने मागे, म्हणजे त्या क्षणी सिटी स्पर्धेतून बाहेर. दुसऱ्या हाफमध्ये तीन गोल करून ३-१ ने जिंकले आणि बावीसावे आले, आणि गंमत म्हणजे हरलेला ब्रुग पण चोविसावा येऊन वाचला! एकाच मैदानावर दोन्हीकडचे फॅन सुटकेचा श्वास टाकतायत हे या फॉरमॅटमध्येच होऊ शकतं.

ड्रॉचा दिवस

ड्रॉ लाइव्ह बघाच. निकाल नंतर फोनवर वाचण्यात ती मजा नाही. फक्त आधी पॉट, म्हणजे सोडतीसाठी केलेले टीमचे गट, समजून घ्या, चॅम्पियन्स आणि युरोपा लीगला नऊ-नऊ टीमचे चार पॉट असतात आणि प्रत्येक पॉटमधून दोन टीम तुम्हाला येतात, एक घरी एक बाहेर. कॉन्फरन्सला सहा-सहाचे सहा पॉट, प्रत्येकातून एक. साखळीत आपल्याच देशाचा क्लब येत नाही आणि कुठल्याही एका देशाचे दोनपेक्षा जास्त येत नाहीत. हे माहिती असलं की ड्रॉच्या आदल्या रात्री ग्रुपवर बसून आपल्याला कोण हवं, कोण नको याची यादी करता येते, आणि ही यादी करणं हाच अर्धा आनंद आहे.

मी म्हणेन यादीत दोन प्रकारच्या टीम मागा. एक मोठं नाव, जिथे आपण हरलो तरी आपल्या क्लबच्या इतिहासात ती मॅच राहील. आणि एक असं गाव जिथे तुम्ही फुटबॉल नसता तर जन्मात गेला नसता. नॉर्वेचं बोडो बघा, आर्क्टिक सर्कलच्या वर, पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, कृत्रिम गवताचं छोटंसं मैदान. तिथल्या बोडो ग्लिम्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये मोरिन्यो कोच असलेल्या रोमाला ६-१ ने झोडलं होतं. आणि तोच रोमा त्याच सीझनला तिरानात फेयेनूर्दला हरवून पहिला कॉन्फरन्स लीग कप जिंकला. २०२५ ला बोडोने लात्सिओला पेनल्टीवर काढून युरोपा लीगची सेमीफायनल गाठली, तिथपर्यंत पोचलेला नॉर्वेचा तो पहिलाच क्लब. असली टीम ड्रॉमध्ये आली की "हे कोण?" म्हणून सोडून देऊ नका.

समोरची टीम कळली की दोन-तीन दिवसांत त्यांचा अभ्यास करा, आणि अभ्यास म्हणजे फक्त स्टार खेळाडूंची नावं नाही. त्यांच्या लीगमधली एक आख्खी मॅच बघा, हायलाइट्स नाही, आख्खी मॅच, कारण हायलाइट्समध्ये प्रत्येक टीम खतरनाक दिसते. डावीकडून येतात की उजवीकडून, कॉर्नरला कोण उंच आहे, साठाव्या मिनिटानंतर दमतात का, एवढं कळलं तरी मॅचच्या दिवशी तुम्ही वेगळ्याच डोळ्यांनी बघता. त्यांच्या फॅन लोकांशी पण बोला, बहुतेक जण आपुलकीने सांगतात, आणि पुढे तिकडे गेलात तर कुठे उतरायचं, कुठल्या स्टेशनवरून चालायचं हे त्यांच्याइतकं कोणी सांगणार नाही.

लीगचं काय करायचं

युरोपा आणि कॉन्फरन्सवाल्यांची गुरुवारी मॅच, मग रविवारी आपल्या देशातली लीग, मग परत गुरुवार. मार्चपर्यंत पाय जड होणार, रविवारी पॉइंट जाणार, आणि ग्रुपवर भांडण सुरू होणार की लीग महत्त्वाची की कप. यात माझी बाजू स्पष्ट आहे, क्लब रेलिगेशनच्या (खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या) तोंडात नसेल तर कपाला वाहून घ्या. टॉटनहॅमने २०२४-२५ ला लीगमध्ये सतरावा नंबर काढला, आणि त्याच मे महिन्यात बिलबाओतल्या फायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून युरोपा लीग जिंकली, २००८ नंतरची पहिली ट्रॉफी, वर पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगचं तिकीट. युनायटेड लीगला पंधरावे होते. त्या सीझनचं लीग टेबल आता कोणाला आठवायचं नाही पण ब्रेनन जॉन्सनचा तो घुसवलेला गोल टॉटनहॅमचा प्रत्येक फॅन नातवंडांना सांगेल.

टीम फिरवली म्हणून मॅनेजरवर तुटून पडू नका हे पण यातच आलं. त्याऐवजी दोन गोष्टींवर नजर ठेवा ज्या बऱ्याच फॅनना ऐनवेळी कळतात. पहिली, स्क्वॉड लिस्ट. युरोपसाठी मुख्य यादीत जास्तीत जास्त २५ नावं, त्यातल्या आठ जागा स्थानिक तयार झालेल्या खेळाडूंसाठी राखीव, क्लबमधले वाढवलेले कोवळे पोरं वेगळ्या यादीतून येतात. जानेवारीत नवीन खेळाडू घेतला म्हणून नाचायच्या आधी बघा की तो यादीत बसलाय का, साखळी संपल्यावर नवीन तीनच नावं घालता येतात. दुसरी, पिवळी कार्डं. तिसऱ्या कार्डाला एक मॅच बंदी, त्यानंतर पाचव्याला, सातव्याला असं. क्वार्टर फायनल झाल्या की जुनी कार्डं पुसली जातात. म्हणजे क्वार्टरच्या सेकंड लेगला तुमचा मिडफिल्डर दोन कार्डांवर असेल आणि टीम निवांत पुढे असेल तर त्याला बाहेर काढा म्हणून तुम्ही ओरडलात तर बरोबरच ओरडताय.

दोन लेगची नॉकआऊट कशी बघायची

खरी युरोपियन रन इथे सुरू होते. आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकीचा त्रास करून घेतात, कारण ते फर्स्ट लेगला पूर्ण मॅच समजतात. ती १८० मिनिटांच्या मॅचचा हाफटाइम आहे, बस. बाहेर १-० ने हरून आलात तर ते वाईट नाही, घरी १-१ झाली तरी ते वाईट नाही. जुना अवे गोलचा नियम, बरोबरी झाली की बाहेर जास्त गोल केलेला पुढे, तो १९६५ ला आला होता आणि २०२१-२२ पासून काढून टाकला. आता एकूण गोल बरोबर असतील तर तीस मिनिटं एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी. अजून पण कोणीतरी ग्रुपवर "अवे गोल खाल्ला, संपलं आपलं" असं लिहितोच, त्याला शांतपणे समजावा. घरी गोल खाल्ला तर तो एकच गोल आहे, दीड नाही.

फर्स्ट लेग वाईट गेला की काय करायचं, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, फुलहॅमची १८ मार्च २०१० ची मॅच. तूरीनला युव्हेंटसने त्यांना ३-१ ने हरवलेलं. थेम्स काठच्या त्या छोट्या मैदानावर सेकंड लेग सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला त्रेझगेने गोल केला, एकूण ४-१. युव्हेंटस, ४-१, आणि अजून ८८ मिनिटं बाकी. किती जणांनी मनातल्या मनात सामान आवरलं असेल. नवव्या मिनिटाला झमोराने छातीवर बॉल घेतला, वळला आणि मारला, १-१. सत्ताविसाव्या मिनिटाला कानावारो, वर्ल्ड कप जिंकलेला कॅप्टन, रेड कार्ड घेऊन बाहेर. हाफटाइमच्या आधी गेराने दुसरा मारला, हाफटाइमनंतर लगेच पेनल्टीवर तिसरा, एकूण ४-४. आणि मग ब्याऐंशीव्या मिनिटाला क्लिंट डेम्प्सी, बदली म्हणून आलेला, बॉक्सच्या कडेला उजवीकडे, गोलकडे धड तोंड पण नाही, त्याने पायाने बॉल असा काही हलकेच वर उचलला की तो गोलकीपरच्या डोक्यावरून लांबच्या पोस्टकडे आत उतरला. त्या शॉटमध्ये जोर नव्हताच. बॉल हवेत असतानाचा तो सेकंद, मैदानावर सगळे नुसते मान वर करून बघतायत, तो बघा एकदा. ५-४. त्या फुलहॅमची ती मोहीम जुलैमध्ये लिथुआनियात क्वालिफायिंगपासून सुरू झाली होती आणि हॅम्बुर्गच्या फायनलपर्यंत गेली. तिथे अ‍ॅटलेटिकोच्या फोर्लानने एक्स्ट्रा टाइममध्ये त्यांना तोडलं, पण फुलहॅमच्या माणसाला विचारा त्याला आधी काय आठवतं.

तर सेकंड लेगला नियम एकच, अ‍ॅग्रीगेट (दोन्ही लेगचा एकूण स्कोर) डोक्यात ठेवा आणि पुढचा एकच गोल मागा. तीन गोल हवेत असा विचार केला की तिथेच धीर सुटतो, एक हवाय असा केला की मैदान पण तसंच ओरडतं. आणि एक्स्ट्रा टाइमला निघू नका, कधीच निघू नका. एप्रिल २०२५ ला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध लिऑनने एक्स्ट्रा टाइममध्ये ४-२ केलं तेव्हा लोक जिन्याने उतरायला लागले होते, १०९ व्या मिनिटाला. ११४ ला ब्रुनोची पेनल्टी, १२० ला मेनू, आणि भरपाईच्या वेळेत मग्वायरचं डोकं. ५-४, आणि दोन्ही लेग मिळून ७-६. बाहेर रस्त्यावर गेलेल्यांनी तो गोल आवाजावरून ओळखला.

अवे जायचंय तर

एकदा तरी जा. पैसे साठवा, सुट्ट्या साठवा, पण एकदा तरी आपल्या क्लबच्या मागे दुसऱ्या देशात जा, त्याला पर्याय नाही. आता व्यवहाराचं बोलू.

युएफाच्या (युरोपियन फुटबॉलची संघटना) नियमाप्रमाणे पाहुण्या फॅनना स्टेडियमच्या ५ टक्के जागा द्याव्या लागतात, वेगळ्या केलेल्या भागात. म्हणजे ८० हजारांच्या मैदानावर ४ हजार, आणि आठ हजारांच्या मैदानावर जेमतेम ४००. म्हणून ड्रॉ झाला की आधी समोरच्या मैदानाची क्षमता बघा, त्यावरून तिकीट मिळेल की नाही याचा अंदाज लगेच येतो. ही तिकिटं बहुतेक क्लब आधी किती अवे मॅचला गेलात यावर देतात, त्यामुळे सेमीफायनलचं तिकीट हवं असेल तर ऑक्टोबरमधली कोणाला नको असलेली लांबची मॅच करा, तिथे तिकीट सहज मिळतं आणि हजेरी लागते. अवे तिकिटाच्या किमतीला वरची मर्यादा आहे, २०२५-२६ साठी चॅम्पियन्स लीगला ५० युरो, युरोपाला ३५ आणि कॉन्फरन्सला २०. कोणी यापेक्षा जास्त मागत असेल तर तो क्लब नाही, दलाल आहे.

होम फॅनच्या स्टँडचं तिकीट काढून जायचा मोह सगळ्यांना होतो. आणि मोह का होतो ते पण मला माहितीये, १४ एप्रिल २०२२, कॅम्प नोऊ. आइनट्राख्ट फ्रँकफर्टला ५ हजार तिकिटं मिळालेली आणि आत शिरले जवळपास ३० हजार, सगळे पांढऱ्या कपड्यात, स्टँडच्या स्टँड पांढरे. फ्रँकफर्टने बार्सिलोनाला त्यांच्याच घरात ३-२ ने हरवलं, कोस्तिचचे दोन गोल, आणि पुढे सेव्हियात रेंजर्सला पेनल्टीवर हरवून कप पण घेतला. मी ते चित्र विसरू शकत नाही आणि विसरायचं पण नाही. पण त्यानंतर बार्सिलोनाने युरोपियन मॅचची तिकिटं नावावर द्यायचं जाहीर केलं, आणि इतरत्र पण नजर कडक झालीये. एकटे-दुकटे होम स्टँडमध्ये बसलात आणि तुमच्या टीमने गोल केला तर तोंड दाबून बसावं लागतं किंवा स्टुअर्ड बाहेर काढतो, आणि काही मैदानांवर त्याहून वाईट होऊ शकतं. तिकीट नसेल तर शहरात जा, आपल्या लोकांबरोबर स्क्रीनवर बघा, ते दहापट बरं.

कागदपत्रं आधी. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी ड्रॉची वाट बघत बसू नका, नॉकआऊटच्या ड्रॉ आणि मॅचमध्ये फक्त दोन-तीन आठवडे असतात आणि शेंगेन व्हिसाच्या अर्जालाच साधारण पंधरा दिवस धरतात. शक्य असेल तर मल्टिपल एंट्रीवाला आधीच काढून ठेवा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेनवर तिकडे जाता येत नाही, आणि ड्रॉ कुठल्या बाजूला पडेल हे आपल्या हातात नाही. इटलीत मॅच असेल तर तिकिटावर नाव असतं आणि गेटवर फोटोवालं ओळखपत्र बघतात, नावातलं एक अक्षर चुकलं तरी डोकेदुखी, त्यामुळे बुक करताना पासपोर्ट समोर ठेवून टाइप करा. विमान थेट मिळत नसेल तर शेजारच्या शहरात उतरून ट्रेनने जा, ड्रॉनंतर पहिल्या तासाभरात थेट विमानांचे भाव उडतात. परतीचं विमान मॅचच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं घ्या, कारण एक्स्ट्रा टाइम होऊ शकतो आणि मॅच संपल्यावर पाहुण्या फॅनना बऱ्याच ठिकाणी अर्धा-पाऊण तास आतच थांबवून ठेवतात.

मैदानाकडे जाताना आपल्या क्लबने आणि पोलिसांनी जी जमायची जागा सांगितली असेल तिथूनच सगळ्यांबरोबर निघा. शहरातून हजारो लोक गात चालत मैदानाकडे जातात तो तास मॅचइतकाच महत्त्वाचा आहे, तो चुकवू नका. आणि गेट उघडायच्या वेळेला पोचा. पॅरिसला २८ मे २०२२ च्या फायनलला काय झालं ते आठवा, लिव्हरपूलचे हजारो लोक तिकीट हातात घेऊन गेटबाहेर अडकले, अश्रुधूर सोडला गेला, मॅच अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाली, आणि नंतरच्या स्वतंत्र चौकशीत मुख्य जबाबदारी युएफाचीच होती असा निष्कर्ष आला. लोकांनी सगळं बरोबर करूनही हे झालं. म्हणून गर्दी दाटतेय असं वाटलं तर पुढे रेटू नका, कडेला व्हा, बरोबरच्यांशी भेटायची एक जागा आधीच ठरवून ठेवा कारण नेटवर्क हमखास जातं, आणि लहान पोरं बरोबर असतील तर लवकर आत जाऊन बसा.

घरच्या रात्री

घरच्या युरोपियन मॅचला स्टेडियम नेहमीपेक्षा वेगळंच वाटलं पाहिजे आणि ते आपोआप होत नाही, लोकांनी करायचं असतं. टिफो, म्हणजे स्टँडभर कापड-कार्डांचं मोठं चित्र, करणाऱ्या ग्रुपला हात द्या, कापड रंगवायला माणसं कमीच पडतात. सीटवर कार्ड ठेवलेलं असेल तर ते सांगतील तेव्हाच धरा, फोटो काढायला खाली ठेवू नका, एक कार्ड खाली गेलं की वरून भोक दिसतं. फटाके-फ्लेअर नेऊ नका. युएफा क्लबला दंड करते, वारंवार झालं तर पुढच्या मॅचला तुमच्या फॅनना बंदी घालू शकते, म्हणजे एकाच्या हौसेपायी सगळ्यांची अवे ट्रिप जाते. आणि गोल खाल्ल्यावर लगेच, पहिल्या दहा सेकंदांत गाणं सुरू करा, ते खेळाडूंना ऐकू जातं.

शेवटापर्यंत पोचलात तर, आणि नाही पोचलात तरी

फायनलला पोचलात तर तिकीट नसलं तरी जा असं मी म्हणेन. २००३ ला सेव्हियात सेल्टिकचे साधारण ८० हजार लोक गेले होते, मैदानात मावतील त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. लार्सनने दोन गोल केले, तरी एक्स्ट्रा टाइममध्ये मोरिन्योच्या पोर्तोकडून ३-२ ने हरले, आणि हरून सुद्धा त्या फॅनचं वागणं असं होतं की फिफाने त्या वर्षीचा फेअर प्ले पुरस्कार त्यांना दिला. आणि जिंकलात तर काय होतं हे २०२३ च्या प्रागवरून बघा, वेस्ट हॅम आणि फिओरेन्टिना १-१, नव्वदावं मिनिट, बोवेन एकटा पळत सुटला. १९८० नंतर क्लबची पहिली मोठी ट्रॉफी. कॉन्फरन्सला कोणी तिसऱ्या दर्जाचा कप म्हणालं तर त्याला त्या रात्रीचा व्हिडिओ पाठवा. ऑलिम्पियाकोसने २०२४ ला तोच कप अथेन्समध्ये जिंकला, ग्रीसच्या कुठल्याही क्लबचा पहिला युरोपियन कप, ११६ व्या मिनिटाच्या गोलवर.

बाहेर पडलात तर आधी एक दिवस ग्रुप म्यूट करा, खेळाडूंना शिव्या लिहू नका, ज्या पोराने पेनल्टी चुकवली त्याला तर अजिबात नाही, त्याने ती मारायची हिंमत केली होती. मग स्पर्धेत उरलेल्या आपल्याच देशाच्या क्लबकडे बघा, जरी ते आपले कट्टर प्रतिस्पर्धी असले तरी. सगळ्या क्लबांचे निकाल मिळून देशाचा कोएफिशंट, म्हणजे गुणांक, ठरतो आणि त्या सीझनला पहिल्या दोन आलेल्या देशांना चॅम्पियन्स लीगची एकेक जागा जास्त मिळते, २०२४-२५ ला ती इंग्लंड आणि स्पेनला मिळाली. टॉटनहॅमच्या कपाची जागा धरून पुढच्या वर्षी इंग्लंडचे सहा क्लब चॅम्पियन्स लीगमध्ये खेळले. म्हणजे शेजाऱ्याच्या क्वार्टर फायनलवर तुमच्या लीगच्या पाचव्या नंबरचं नशीब ठरू शकतं. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणं जड जात असेल तर नका वाजवू, पण निकाल बघत रहा, आणि लीगच्या उरलेल्या मॅचला मैदानात जा, कारण पुढच्या वर्षी परत युरोपात यायचं तर रस्ता तिथूनच आहे. क्वालिफायिंगच्या फेऱ्या जुलैमध्येच सुरू होतात, आपला क्लब कुठल्या फेरीपासून येणार ते मे संपायच्या आत बघून ठेवा आणि त्या आठवड्यातली रजा आत्ताच टाका.